सहा सिलिंडर, चार सिलिंडर

२ नोव्हेंबर, रविवार

सिद्धेशने मर्सिडीज घेतली. साधी नाही, एएमजी. मला न सांगता. सख्खा धाकटा भाऊ. बोरिवलीत लोकांचे दात उपटतो आणि लोक वर त्याला थँक्यू डॉक्टर म्हणतात.

दुपारी जेवायला येणार होता. खालून फोन केला, दादा जरा खाली ये. मला वाटलं, डबे उचलायला मदत हवी असेल. गेलो. माझ्या बीएमडब्ल्यूच्या शेजारी ही उभी. राखाडी. बॉनेटवर हार. सोसायटीतले चार-पाच जण मोबाइल काढून फोटो घेतायत. गेली तीन वर्षं माझी एम-थ्री-फोर्टी तिथे उभी असते, यातल्या एकाने कधी मान वळवून बघितलं नाही. मुलुंडच्या लोकांना गाडीतलं कळत नाही, फक्त हारातलं कळतं.

अभिनंदन केलं. मनापासून. मग सहज विचारलं, सिलिंडर किती? म्हणाला चार. मी म्हटलं अच्छा. बस, एवढंच. चार सिलिंडर तर नाक्यावरच्या वडापाववाल्याकडेही असतात, असं मी म्हटलं नाही.

म्हटलं. पण हळू.

त्याने ऐकलं. म्हणाला, तुझ्या सहांपेक्षा माझ्या चारांत जास्त ताकद आहे, ब्रोशर वाच. मग जेवायला बसलो. बाबा मजेत वडे-सागोती खात होते. त्यांची कवळी सिद्धेशने बनवून दिलेली आहे. त्यामुळे बाबा माझ्याकडे राहतात, माझं खातात, आणि घासाघासाला विजय त्याचा होतो.

मला मत्सर वाटत नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

३ नोव्हेंबर, सोमवार

ब्रोशर वाचलं. ताकद खरंच जास्त आहे. पण आकडे म्हणजे सर्वस्व नाही, हे मी पहिल्यापासून म्हणत आलोय. हे नाश्त्याला बोललो तर ऋतिका (मुलगी, बारावीत, जीभ फार) म्हणाली, पप्पा, तुम्ही तीन वर्षं आम्हाला फक्त आकडेच सांगताय.

निर्णय: गाडी बदलायची. सिद्धेशमुळे नाही. तीन वर्षांनी सगळेच बदलतात. आता शांत डोक्याने ठरवायचं, बीएमडब्ल्यूचीच याहून मोठी एम घ्यायची की ऑडीची आरएस. एएमजीचा प्रश्नच नाही.

नीलमला (बायको) सांगितलं. तिने विचारलं, आहे त्या गाडीला काय झालं? म्हटलं, काही नाही. तिने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि परत गवार मोडायला लागली. ती स्वतः सीएनजीची वॅगनआर चालवते. तिच्याशी या विषयावर बोलण्यात पॉइंट नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

बाबांची पंचाहत्तरी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी. हॉल मुलुंड वेस्टला बुक. मी ग्रुपवर फक्त पत्ता टाकला. खाली लगेच सिद्धेशचा मेसेज: बाबांना हॉलवर मी आणणार, नव्या गाडीतून.

मी आणणार! बाबा राहतात कोणाकडे? बोरिवलीहून घोडबंदर रोडने इथे येऊन, बाबांना उचलून, हॉलवर नेणार. म्हणजे वरात काढणार. मी लिहिलं, बाबा घरच्या गाडीने येतील. त्याने लिहिलं, माझी काय परक्याची आहे? मी लिहिलं, जर्मन म्हणजे बीएमडब्ल्यू, बाकी टॅक्सी. त्याच्या बायकोने, श्रुतिकाने, दोन हात जोडलेले टाकले. नीलमने मला किचनमधून हाक मारली आणि फोन ठेव म्हणाली.

बाबांना विचारलं, कोणाच्या गाडीतून जाल? ते टीव्हीवर कबड्डी बघत होते. म्हणाले, हॉल खंय आसा? चलत जाऊक येयत ना? गिरणीत आयुष्य काढलेला माणूस. स्वतःची सायकलसुद्धा कधी नव्हती. त्यांना या वादातली खोली समजणार नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज अंधेरीला जाऊन एएमजीची टेस्ट ड्राइव्ह घेतली. घ्यायची म्हणून नाही. समोरच्याच्या हातात काय आहे ते माहीत असावं. तावडे नाव सांगितलं तर सिद्धेशपर्यंत जाईल, म्हणून देवव्रत सावंत सांगितलं. टेस्ट ड्राइव्हला लायसन्स बघतात हे लक्षात नव्हतं. आकाश नावाचा सेल्समन लायसन्स बघून माझ्याकडे बघत राहिला. म्हटलं, घरी मला देवव्रत म्हणतात.

वेस्टर्न एक्सप्रेसला एके ठिकाणी जरा मोकळं मिळालं. पाय दाबला.

ठीक आहे. वाईट नाही. आकाश म्हणाला, सर, तुम्ही हसताय. मी हसत नव्हतो. वाऱ्याने चेहरा तसा होतो. तो म्हणाला, सर, काचा बंद आहेत.

१६ नोव्हेंबर, रविवार

मी अंघोळीला गेलो असताना आकाशचा फोन आला. नीलमने घेतला. देवव्रत सर आहेत का? तिने सांगितलं, राँग नंबर. तो म्हणाला, नाही मॅडम, घरी त्यांना देवव्रत म्हणतात ना.

नाश्ता झाला नाही. जेवण झालं. पण वाढलं नाही, डबा समोर ठेवला. ऋतिका दिवसभर मला देवव्रतराव म्हणतेय. बाबांनी विचारलं, हो देवव्रत कोण?

२२ नोव्हेंबर, शनिवार

ऑडी. ठाण्याला एक जुन्या लक्झरी गाड्यांचा डीलर आहे, त्याच्याकडे आरएस फाइव्ह आलीय. लाल. जुनी म्हणायचं नाही, प्री-ओन्ड म्हणायचं. सहा सिलिंडर. आणि ताकद सिद्धेशच्या चारांपेक्षा जास्त. संपला विषय.

एकच शंका आहे, ऑडीवाल्यांची. हे लोक इंडिकेटर देत नाहीत, मागून लाइट मारतात, आणि शर्टाची वरची दोन बटणं उघडी ठेवतात. त्यांच्यात जाऊन बसायचं का? हे ऋतिकाला म्हटलं तर म्हणाली, पप्पा, इंडिकेटरचा जोक बीएमडब्ल्यूवाल्यांवर आहे. हल्लीच्या मुलांना चुकीची माहिती कुठून मिळते देव जाणे.

ठरलं. सोमवारी डीलरला फोन.

२४ नोव्हेंबर, सोमवार

साइटवर अडकलो. विक्रोळीच्या ऑफिसचं फॉल्स सीलिंग. उद्या नक्की.

३० नोव्हेंबर, रविवार

पंचाहत्तरीची तयारी म्हणून बाबांची रंगीत तालीम घेतली. ऐनवेळी हॉलसमोर त्यांना उतरताना त्रास होऊ नये, एवढाच हेतू. पार्किंगमध्ये दार उघडून दाखवलं: आधी बसायचं, मग पाय आत, उतरताना आधी पाय बाहेर. बाबा बसले म्हणण्यापेक्षा पडले. आतून आवाज आला, ह्या गाडयेत बसाक नाय रे, निजाक लागता. मी म्हटलं, बाबा, ही स्पोर्ट्स सीट आहे. ते म्हणाले, माका खंयचो स्पोर्ट करूचो आसा?

परत उतरवलं. परत बसवलं. तिसऱ्या वेळी उतरताना त्यांचं ढोपर दाराला की कशाला तरी लागलं आणि ते खालीच बसले. फरशीवर. वॉचमन धावला. मीही धावत होतो, पण आधी दार बंद केलं. शेजारचा खांब फार जवळ आहे.

ढोपर सुजलं. नीलमने बर्फ लावला. माझ्याशी बोलली नाही, बर्फाशी बोलली. म्हणाली, पंचाहत्तरीपर्यंत तरी जगू द्या म्हणावं यांना.

त्यानंतर सिद्धेशचा फोन. त्याला कोणी सांगितलं? घरात फितुरी आहे. म्हणाला, तू बाबांना पाडलंस. मी म्हटलं, पाडलं नाही, ते बसले. तो म्हणाला, तुला बाबा नकोत, तुला बाबा गाडीत बसलेले हवेत. मी म्हटलं, तू दात उपट, अक्कल शिकवू नकोस. तर म्हणतो, तू फॉल्स सीलिंगवाला, तुझं सगळंच फॉल्स.

आईच्या जागी वाढवला याला मी. फी भरली. कॉलेजची बॅग माझी वापरली याने.

आजपासून बोलणं बंद. कायमचं.

७ डिसेंबर, रविवार

बंद आहे. फार बरं वाटतंय. डोकं हलकं. त्याचं स्टेटस बघितलं, गाडीचा फोटो, पाठीमागे गोराई. आणखी एकदा बघितलं, चुकून.

बाबांचं ढोपर उतरतंय. सकाळी दोन्ही हातांनी कॉटला धरून उभे राहतात. मी मदतीला गेलो तर म्हणाले, तू नको, ऋतिकाक बोलाव.

१४ डिसेंबर, रविवार

ऑडी गेली. आज फोन केला तर डीलर म्हणाला, सर, परवाच विकली गेली, तुम्ही फोन करणार होता ना? कोणी घेतली विचारलं. सांगत नाही. बोरिवलीचा आहे का, विचारलं. म्हणाला, सर, ते सांगता येत नाही. म्हणजे बोरिवलीचाच.

दातवाला दोन-दोन गाड्या घेतो का बघतो.

(नंतर) नीलमने श्रुतिकाला विचारलं. घेतलेली नाही. उलट श्रुतिका म्हणाली, आमच्याकडे महिनाभर बीएमडब्ल्यूची माहिती वाचणं चालू आहे, सहा सिलिंडरचा आवाज वेगळा म्हणे, सारखे व्हिडिओ लावून ऐकतात.

हे ऐकून मला काहीही वाटलं नाही. जेवण दोन घास जास्त गेलं, ते थंडीमुळे.

नवा निर्णय: सध्या आहे तीच बीएमडब्ल्यू ठेवायची. तिच्यात दोष असा नव्हताच कधी. मीच तिच्याशी बेइमानी करत होतो.

२१ डिसेंबर, रविवार

दोन्ही बायकांनी परस्पर ठरवलं: बाबा वॅगनआरमधून जाणार. उंच सीट, ढोपराला बरं. नीलम आधी हॉलवर जाऊन सजावट बघणार आणि साडेदहाला परत येऊन बाबांना नेणार. मला आणि सिद्धेशला फक्त वेळेवर पोचायचंय. आम्ही दोघं पाहुणे. बापाच्या पंचाहत्तरीला.

मी हो म्हटलं. भांडलो नाही. कारण माझी योजना तयार आहे. नीलम साडेदहाला येणार. मी बाबांना त्याच्या आधी घेऊन निघणार. गाडी धुवून, पॉलिश करून. हॉलच्या दारात सगळे उभे असतील, सिद्धेशही असेल, आणि मी बाबांना दार उघडून देईन. एक अक्षर बोलणार नाही. फक्त दार उघडीन.

२८ डिसेंबर, रविवार, संध्याकाळ

लिहावंसं वाटत नाही. पण दुसऱ्या कोणी लिहिलं तर एकतर्फी लिहील.

नीलम आणि ऋतिका सकाळी लवकर गेल्या. बाबांना तयार केलं. नवा पांढरा शर्ट, टोपी, कपाळाला गंध. म्हणाले, नीलम येतली ना? म्हटलं, नाही, तुम्ही माझ्याबरोबर. त्यांनी ढोपरावरून हात फिरवला. खाली गेलो, बसवलं. तालमीचा उपयोग झाला, एका झटक्यात बसले, फक्त कण्हले.

गेटबाहेर पडून गल्लीत वळलो. आमची गल्ली कशी आहे, दोन्ही बाजूंना बाइक लावलेल्या, एका वेळी एकच गाडी जाते. समोरून राखाडी एएमजी आत येत होती.

हुशार. म्हणजे त्याच्याही डोक्यात तेच. नीलमच्या आधी येऊन बाबांना उचलायचं. हरामखोर.

बॉनेटसमोर बॉनेट. मी हॉर्न दिला. त्याने दिला. मी हाताने खूण केली, मागे घे. त्याने तीच केली. काच खाली करून म्हटलं, मी आधी आलोय. तो ओरडला, मोठा आहेस तर मोठ्यासारखा वाग, मागे घे. मी म्हटलं, लहान आहेस तर लहानासारखा मागे हो. बाबा बाजूला काहीतरी म्हणत होते. त्यांना म्हटलं, एक मिनिट थांबा. मग मी उतरलो. तोही उतरला. सूट घालून आला होता, दातवाला. माझ्या गाडीला बोट लावून म्हणतो, हे नेऊन भंगारात घाल. मी त्याची कॉलर धरली. खोटं कशाला लिहू, आधी त्याने माझा हात धरला, मग मी कॉलर. गल्लीतले लोक बाल्कनीत. कोणीतरी वरून म्हणालं, अरे सणासुदीचं काय हे. मी वर बघून म्हटलं, सण नाहीये, पंचाहत्तरी आहे.

एव्हाना त्याच्या मागे पाण्याचा टँकर येऊन लागला होता आणि माझ्या मागे सोसायटीतल्या तीन गाड्या. म्हणजे आता कोणाला मागे घ्यायची असती तरी घेता आली नसती. हा मुद्दा नीलमला पटत नाही.

सिद्धेश म्हणाला, आपण बाबांनाच विचारू, त्यांना कोणाच्या गाडीत यायचंय. मी म्हटलं, विचार ना, विचार. दोघं माझ्या गाडीपाशी आलो.

सीट रिकामी होती. दार उघडं.

बाल्कनीतल्या बाईने सांगितलं, आजोबा मघाशीच गेले की. दोन्ही गाड्यांवर हात टेकत टेकत मधून निघाले. नाक्यावर रिक्षा केली. मी हाक मारत होते तुम्हाला, पण तुम्ही भांडत होतात.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. माझ्या बॉनेटवर पंजाचा ठसा होता. त्याच्याही.

टँकर निघायला बराच वेळ लागला. नीलम न्यायला निघायच्या आतच बाबा हॉलवर उतरले होते. पोचलो तेव्हा पंगत चालू होती. बाबांच्या मांडीवर कोणाचं तरी पोर, समोर पानात केळ्याची शिकरण. आम्हाला बघून म्हणाले, इलास? जेवन घेवा.

ऋतिकाने औक्षणाचा व्हिडिओ दाखवला. दिव्यांची मोठी आरास, बाबा मधे, आणि आजूबाजूला उभं राहायला मुलगे नाहीत म्हणून केटरिंगचे दोघं आणि गावाहून आलेले खंडूकाका. कोणीतरी माइक देऊन विचारतं, मुलगे कुठे दिसत नाहीत? बाबा माइक तोंडाला लावून म्हणतात, माझे झील दोगय वाटेर आसत. गाडयो मोठ्यो आसत त्येंच्यो. वेळ लागता.

सगळे हसले. टाळ्या वाजवल्या. बाबा हसले नाहीत. व्हिडिओचा आवाज तसा फारसा क्लिअर नाही.

४ जानेवारी, रविवार

बाबा खंडूकाकांबरोबर गावी गेले. कुडाळला. दोन दिवसांसाठी म्हणाले होते, पण बॅगेत स्वेटर, औषधं, आईचा फोटो, सगळं घेतलं. म्हटलं, बाबा, ठाणे स्टेशनला मी सोडतो. म्हणाले, नको, रिक्षा आसा. म्हटलं, बाबा, ऐका तरी. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, उभं राहायला आधार म्हणून, आणि लगेच काढला.

नीलम रिक्षातून बरोबर जाऊन सोडून आली. घरी आल्यावर बाबांची कॉट झाडली, चादर बदलली आणि खोलीचं दार ओढून घेतलं.

११ जानेवारी, रविवार

बाबांचा फोन नाही. मी केला, तर खंडूकाकांनी उचलला. बाबा देवळात गेलेत म्हणाले. परत केला. बाबा झोपलेत. रात्री नऊला झोपतात हे मला माहीत आहे, पण सकाळी अकराला?

सिद्धेशलाही ते झोपलेत असंच सांगितलं जातंय, असं श्रुतिकाकडून कळलं. एवढं तरी बरं आहे.

२७ जानेवारी, मंगळवार

सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला नीलम आणि श्रुतिका वॅगनआर घेऊन कुडाळला गेल्या. बाबांना आणायला. मी येतो म्हटलं तर नीलम म्हणाली, जागा नाही. पुढची सीट बाबांसाठी, मागे सामान.

आज दुपारी परत आल्या. मी खाली उभा होतो. सकाळपासून नव्हे, असाच. पुढच्या सीटवर श्रुतिका. मागे कोकमं, पोहे, नारळ. बाबा नाहीत.

नीलमला विचारलं, बरे आहेत? म्हणाली, बरे आहेत. ढोपर दुखतं, पण चालतात. तुझी आठवण काढली. मी विचारलं, काय म्हणाले? ती नारळ काढत होती. बाबांसारखाच आवाज काढून म्हणाली, दोगय एकाच गाडयेतसून येवा, मगे मी येतंय. नायतर हंयच बरो आसंय.

तिला हसू आलं नाही. मलाही.

वर आलो आणि सिद्धेशला फोन लावला. गल्लीतल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा. मीच मोठा, मीच लावला. त्याने लगेच उचलला. म्हटलं, नीलमने सांगितलं का? म्हणाला, श्रुतिकाने सांगितलं. म्हणाला, दादा, शनिवारी पहाटे निघू या? मी म्हटलं, निघू. तो म्हणाला, पनवेलपर्यंत मी चालवतो, पुढे तू. मी म्हटलं, चालेल.

मग तो म्हणाला, कोणाची काढायची?

मी म्हटलं, माझी. साहजिक आहे. लांबच्या रस्त्याला सहा सिलिंडर. तो म्हणाला, तुझ्यात बाबांचं ढोपर मोडलं होतं. मी म्हटलं, तुझी काय एसटी आहे, उभं राहून चढायला? तो काहीतरी बोलला. मीही बोललो. फोन कोणी आधी ठेवला ते आठवत नाही.

आत्ता नीलमने दारात येऊन विचारलं, मग कधी जाताय बाबांना आणायला?

म्हटलं, लवकरच. आधी गाडीचं ठरू दे.